खोदाई, भराई आणि उरलेले चार डंपर

बांधकामासाठी जागा तयार करताना उंचवट्यावरची माती काढून ती खोलगट भागात टाकणे आणि जमीन ठरलेल्या पातळीवर आणणे, या कामाला खोदाई-भराई म्हणतात. साइटवर त्याचे नाव ‘कटिंग-फिलिंग’. पृथ्वी गोल असली तरी वास्तुविशारदाचा कागद सपाट असतो, आणि या दोघांमधला वाद मिटवायचे काम पोकलेनकडे येते. तत्त्व अगदी सोपे आहे. जेवढे वरून काढले तेवढेच खाली बसले, बाहेरून एक घमेले आणावे लागले नाही की बाहेर एक घमेले टाकावे लागले नाही, तर मातीचा जमाखर्च जुळला. असे संतुलित मातीकाम अंदाजपत्रकात हमखास आढळते. प्रत्यक्ष जागेवर मात्र शेवटच्या दिवशी चार डंपर माती उरते, नाहीतर चार डंपर कमी पडते. उरली तर परिसरात कोणालाही माती नको असते. कमी पडली तर त्याच परिसरात मातीचा भाव अचानक चढलेला असतो.

कामाला सुरुवात मोजणीने होते. जागेवर पाच किंवा दहा मीटरच्या चौकटी आखतात आणि प्रत्येक कोपऱ्याची पातळी ऑटो लेव्हलने घेतात. एक जण तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावतो, दुसरा लांब अंतरावर स्टाफ धरून उभा राहतो आणि तिसरा, जो बहुधा प्लॉटचा मालक असतो, पहिल्याला दर दोन मिनिटांनी ‘किती आली?’ असे विचारतो. शंभर पूर्णांक चारशे पन्नास, असे उत्तर मिळाले की त्याला बरे वाटते. आपला प्लॉट समुद्रापासून शंभर मीटर उंच आहे, पुराची भीती नाही, असे तो घरी जाऊन सांगतो. हे शंभर कोपऱ्यातल्या एका दगडाची पातळी सोयीसाठी शंभर धरून काढलेले असतात. तोच दगड पाचशे धरला असता तर त्याचा प्लॉट महाबळेश्वरच्या वाटेला लागला असता.

या दगडाला बेंच मार्क म्हणतात. तो हलू नये, भरावाखाली जाऊ नये आणि कोणी उचलून नेऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. म्हणून तो शक्यतो मोरीच्या कठड्यावर, विहिरीच्या काठावर किंवा देवळाच्या पायरीवर घेतात. उघड्या माळावरच्या दगडावर लाल रंगाने खूण करणारा सर्व्हेअर नवखा समजावा. महाराष्ट्रात लाल रंग लागलेल्या दगडासमोर आठवड्याभरात फुले पडतात, महिन्याभरात नारळ फुटतो, आणि मग त्या दगडाला हात लावायची ठेकेदाराची छाती होत नाही. जाणते लोक पिवळा रंग वापरतात. मुंबईने या बाबतीत जुन्या टाउन हॉलचा आधार घेतला. शहरातल्या पातळ्या पिढ्यान्‌पिढ्या ‘टाउन हॉल डेटम’वरून मोजल्या गेल्या. त्या मोजणीचे शून्य समुद्राच्या बरेच खाली धरलेले आहे, त्यामुळे मुंबईत खुद्द समुद्राचीही उंची भरते.

पातळ्या हाती आल्या की कुठे किती खोदायचे आणि कुठे किती भरायचे याचे घनफळ काढतात. हे गणित आता संगणक करतो, म्हणून त्यात चूक शोधायला जास्त वेळ लागतो. सरकारी मोजणी घनमीटरमध्ये होते, बाजार मात्र ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. डंपरमध्ये किती ब्रास बसते याचे उत्तर माती घेणाऱ्याकडे एक आणि देणाऱ्याकडे दुसरे असते.

खरी रंगत येते ती मातीचा प्रकार ठरवताना. दरसूचीत माती, मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक अशी चढती भाजणी असते आणि दरही त्याच क्रमाने चढतात. दख्खनचा पठारी प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला. हा काळा कातळ वरून झिजत, कुजत मुरूम होतो आणि मुरमाची शेवटी माती होते. त्यामुळे दोन मीटरच्या खड्ड्यात हे पाचही प्रकार एकावर एक सापडू शकतात, आणि एकाचा शेवट कुठे व दुसऱ्याची सुरुवात कुठे हे निसर्गाने रेघ मारून ठेवलेले नाही. त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून ठेकेदाराला पायाशी कठीण खडक दिसतो आणि शाखा अभियंत्याला मुरूम. दोघांची नजर उत्तम असते. कसोटी सांगितलेली आहे: टिकाव-फावड्याने निघतो तो मुरूम, पहारेने उचकटतो तो मऊ खडक, सुरुंगाशिवाय किंवा ब्रेकरशिवाय हलत नाही तो कठीण. पण टिकाव किती जोराने मारायचा हे कुठल्याही दरसूचीत लिहिलेले नाही, त्यामुळे ठेकेदाराच्या माणसाच्या हातून टिकाव हळू पडतो आणि साहेब बघायला आले की खडक आणखी कठीण होतो.

एवढे सगळे मिटले तरी जमाखर्च जुळत नाही, कारण माती आकारमान टिकवत नाही. जमिनीत शतकानुशतके दबून बसलेली माती खोदून बाहेर काढली की वीस ते तीस टक्के फुगते. फोडलेला खडक तर दीडपट किंवा त्याहूनही जास्त जागा व्यापतो, कारण दगडांमध्ये पोकळ्या राहतात. हीच माती भरावात घालून, पाणी मारून, रोलरने दाबली की ती मूळच्यापेक्षाही कमी जागेत बसते. दहाएक टक्के घट सहज धरावी लागते. खडकाचे उलटे आहे. तो कितीही दाबला तरी पूर्वीच्या जागेत परत मावत नाही. म्हणजे शंभर घनमीटर मातीचे डंपरमध्ये सव्वाशे होतात आणि भरावात नव्वद. एकाच मातीची तीन मापे, आणि तिन्ही बरोबर. वाहतूकदाराला सव्वाशेचे पैसे हवे असतात, मालक नव्वदचे द्यायला तयार असतो, आणि मोजमाप पुस्तिकेत काय लिहायचे यावर एक दिवसाची बैठक होते. जुने मुकादम म्हणूनच खोदाई आणि भराई सारखी आखत नाहीत. खोदाई थोडी जास्त ठेवतात आणि उरलेल्या मातीचे काय, हा प्रश्न उद्यावर टाकतात.

माती किती आहे यापेक्षा ती किती लांब न्यायची यावर खर्च ठरतो. जुन्या सरकारी दरात ५० मीटरपर्यंतची वाहतूक आणि दीड मीटरपर्यंतची उचल धरलेली असे. त्यापुढे प्रत्येक टप्प्याला जादा पैसे. या अंतराला लीड आणि उचलीला लिफ्ट म्हणतात. हे अंतर ठरले तेव्हा माती माणसाच्या डोक्यावरून किंवा गाढवाच्या पाठीवरून जात होती. मातीवडारांच्या पिढ्यांनी या देशातले बंधारे, रस्ते आणि रेल्वेचे भराव याच मापाने उभे केले. पुढे हायवा डंपर आले, एका फेरीत गाढवांचा अख्खा तांडा वाहून नेऊ लागले, तरी ५० मीटर आणि दीड मीटर हे आकडे कागदावर टिकून राहिले. लांब रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या कामात कुठली माती कुठे न्यावी यासाठी अभियंते एक वळणदार आलेख काढतात. त्यात रेषा चढत असेल तिथे खोदाई, उतरत असेल तिथे भराई. आडवी रेघ मारली की कोणत्या दोन ठिकाणांमध्ये हिशेब जुळतो ते दिसते. आलेख सुंदर असतो. फक्त त्या दोन ठिकाणांच्या मध्ये एक ओढा आणि एक चिडलेला शेतकरी असतो, तो आलेखात येत नाही.

खोदलेली माती मोजायची एक जुनी पद्धत तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. खड्डा खणताना मधेमधे मूळ जमिनीचे उंच खुंट तसेच राखायचे. काम झाले की खुंटाची उंची मोजायची. तेवढी खोदाई झाली. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर हजारो माणसांची मजुरी अशा मापांवर ठरली. मजुरी खोलीवर आणि खोली खुंटावर अवलंबून म्हटल्यावर, काही खुंट रातोरात वाढू लागले. वर दोन वीत माती थापायची, ती पाण्याने लिंपायची, झाले. त्यावर खात्याने उपाय काढला. खुंटाच्या माथ्यावर मूळचे गवत असलेच पाहिजे आणि त्याची मुळे खालपर्यंत गेलेली दिसली पाहिजेत. मग गवताची ढेकळे वर बसवली जाऊ लागली. म्हणून कसलेला अभियंता खुंटाची उंची मोजण्याआधी त्यावरचे गवत उपटून बघत असे. हातात आले तर माप खोटे.

आता भराव. भराव म्हणजे खड्ड्यात माती ओतणे, असा सार्वत्रिक समज आहे. नियमाप्रमाणे माती साधारण २०० मिलीमीटरच्या थरांनी पसरायची, प्रत्येक थर योग्य ओलाव्यावर आणायचा, रोलरने दाबायचा, तपासायचा आणि मगच वरचा थर घालायचा. तीन मीटरच्या भरावाला असे पंधरा थर होतात. व्यवहारात ते दोन होतात. पहिला थर शनिवारी संध्याकाळी साहेब गेल्यावर पडतो, दुसरा सोमवारी ते येण्याआधी. वरून रोलर फिरवला की दाब खालपर्यंत पोहोचतो ही यामागची श्रद्धा आहे. रोलरचा परिणाम वरच्या फूटभरातच विरतो. खालची माती जशी पडली तशीच भुसभुशीत राहते आणि पुढची काही वर्षे आपल्या सवडीने बसत जाते. तिच्या वर तोवर पार्किंग झालेले असते.

योग्य ओलावा म्हणजे काय हे १९३३ साली लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातले अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी प्रयोगाने दाखवले. कोरड्या मातीचे कण एकमेकांवर घासतात, सरकत नाहीत. थोडे पाणी मिळाले की ते घसरून जवळ येतात आणि माती घट्ट होते. पाणी जास्त झाले की मधल्या जागा पाण्यानेच अडतात, कण पुन्हा दूर जातात. म्हणजे प्रत्येक मातीला एक ठरावीक ओलावा असतो, ज्यावर ती सर्वांत जास्त दबते. भारतीय मानकातल्या साध्या चाचणीत एक लिटरच्या साच्यात माती तीन थरांनी भरतात आणि प्रत्येक थरावर २.६ किलोचा ठोकळा ३१० मिलीमीटर उंचीवरून २५ वेळा सोडतात. यातून जी घनता मिळते तिच्या ९५ टक्के किंवा त्याहून अधिक घनता भरावात मिळावी, अशी अट कंत्राटात सर्रास असते. मुकादमाची चाचणी याहून झटपट आहे: मूठभर माती दाबावी, तिचा लाडू वळला पाहिजे, पण बोटांना चिकटता कामा नये आणि खाली टाकला तर दोन-तीन तुकडे व्हावेत. दोन्ही चाचण्यांचे उत्तर बहुधा एकच येते. अडचण पाण्याची असते. मातीकामाचा हंगाम डिसेंबर ते मे, आणि नेमक्या त्याच काळात टँकर गावात पिण्याच्या पाण्यासाठी फिरत असतात. मग भरावावरच्या टँकरच्या फेऱ्या नोंदवहीत होतात.

दाबण्याच्या यंत्रांत चिकणमातीसाठी खास रोलर असतो. त्याच्या लोखंडी पिंपावर ठोकळ्यांसारखे खूर बसवलेले असतात आणि त्याचे नावच मेंढीच्या पायावरून पडले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात उकरून ठेवलेल्या रस्त्यावरून मेंढ्यांचा कळप गेला आणि जमीन एकदम घट्ट झालेली पाहून हे यंत्र सुचले, असे सांगतात. लहान पायावर मोठे वजन आले की दाब खोल जातो, हे त्यातले शास्त्र. महाराष्ट्रात धनगरांचे कळप दरवर्षी शेकडो किलोमीटर चालत कोकणात उतरतात आणि परत घाट चढतात. एवढी जमीन आजवर फुकट दबली गेली, पण त्याचे बिल कोणी लावले नाही.

भराव खरेच किती दबला हे पाहायला त्यात छोटा खड्डा घेतात, निघालेली माती तोलतात आणि खड्ड्यात मोजलेली वाळू ओतून त्याचे घनफळ काढतात. चाचणी अचूक आहे. फक्त खड्डा कुठे घ्यायचा हा प्रश्न उरतो. नियमाने जागा अभियंत्याने निवडायची. प्रत्यक्षात ठेकेदार अदबीने ‘साहेब, इकडं या, तिकडं चिखल आहे’ असे म्हणत त्यांना भरावाच्या ज्या भागावरून महिनाभर भरलेले डंपर गेले तिथे नेतो. तिथली घनता कधीकधी १०२ टक्केही येते.

अर्धी खोदाई, अर्धी भराई केलेल्या जागेवर इमारत बांधली की सर्वांत विनोदी प्रकार घडतो. अर्थात राहणाऱ्याला तो विनोदी वाटत नाही. उताराच्या प्लॉटवर मागचा भाग खोदून आणि पुढचा भरून सपाटी मिळवली, तर घराचे मागचे खांब मूळ कातळावर येतात आणि पुढचे काल पडलेल्या भरावावर. कातळ बसत नाही, भराव बसतो. दोन-तीन पावसाळ्यांत हॉलच्या भिंतीवर एक तिरकी भेग उमटते आणि ती साधारण त्याच रेषेवर असते जिथे नकाशात खोदाई संपून भराई सुरू होते. घराचा मालक तिथे कॅलेंडर लावतो. पुढच्या वर्षी मोठे कॅलेंडर. त्यानंतर वास्तुशास्त्रज्ञ येतो आणि मुख्य दरवाजा दुसऱ्या दिशेला घ्यायला सांगतो. यावर खरा उपाय बांधण्याआधीच करायचा असतो: सगळे पाये भरावातून खाली मूळ थरापर्यंत न्यायचे, किंवा खोदलेला भागही थोडा जास्त खोदून सगळीकडे सारख्या जाडीचा दाबलेला भराव द्यायचा. दोन्ही उपाय कॅलेंडरपेक्षा महाग आहेत.

काळ्या मातीची तऱ्हा वेगळी. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागात असलेली ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस आणि ज्वारी यांना हे मानवते, फरशीला मानवत नाही. फुगणाऱ्या मातीचा जोर एकमजली घराचे जोते सहज उचलतो. म्हणून ती काढून टाकायची आणि जागी मुरूम भरायचा, हा खेड्यातल्या गवंड्यापासून मोठ्या सल्लागारापर्यंत सर्वांचा सल्ला असतो. आय. आय. टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर बरेच संशोधन केले. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर वर दाबून बसवला तर खालच्या काळ्या मातीचे फुगणे आटोक्यात राहते, हे त्यांनी दाखवले आणि कालव्यांच्या कामात ते वापरले गेले. घरबांधणीत मात्र सरळ माती फेकण्याकडे कल. ज्या मातीच्या बांधावरून दोन भाऊ वीस वर्षे कोर्टात भांडले, ती प्लॉट पडताच डंपरमध्ये बसून निघून जाते. वरचा सुपीक थर वेगळा काढून बागेसाठी राखून ठेवावा, असेही विनिर्देशात लिहिलेले असते. बंगला पूर्ण झाल्यावर मालक नर्सरीत जातो आणि गुलाबासाठी लाल माती पोत्याने विकत आणतो.

माती प्लॉटबाहेर पडली की ती महसूल खात्याच्या नजरेत येते. कायद्याच्या भाषेत ती तेव्हा गौण खनिज असते. केंद्र सरकारने ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने बांध, रस्ते, रेल्वे आणि इमारतींच्या कामात भरणी किंवा सपाटीकरणासाठी वापरलेल्या साध्या मातीलाही गौण खनिजांत घेतले. त्यानंतर पायासाठी खड्डा खणून निघालेली माती त्याच प्लॉटवर पसरणाऱ्या बिल्डरांनाही स्वामित्वधन आणि दंडाच्या नोटिसा येऊ लागल्या. प्रकरण पुण्याहून सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने म्हटले की माती काढली एवढ्यावर भागत नाही, ती कशासाठी वापरली हे पाहावे लागेल. पायासाठी खणलेली माती त्याच जागेवर भरली तर तिला त्या अधिसूचनेतले खनिज म्हणता येणार नाही. म्हणजे तीच माती कुंपणाच्या आत माती आणि कुंपणाबाहेर खनिज. संतुलित मातीकामाला इतका पैशाचा आधार याआधी कधी मिळाला नव्हता. तेव्हापासून कुंपणाच्या आत टेकड्या वाढू लागल्या आणि आराखड्यात त्यांना ‘लँडस्केपिंग’ म्हणतात.

मोठ्या प्रमाणावर खोदाई-भराई पाहायची तर मुंबईला तोड नाही. समुद्रातून जमीन मिळवण्याचा कोकणातला पहिला प्रकल्प परंपरेने परशुरामाच्या नावावर आहे. पण त्याने बाण सोडून समुद्रच मागे हटवला, भराव घातला नाही, त्यामुळे लीड-लिफ्टचा प्रश्न उद्भवला नाही. इंग्रजांना तो उद्भवला. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅक बे भरायला घेतली तेव्हा दगडासाठी कांदिवलीची टेकडी फोडली आणि तो माल रेल्वेने दक्षिण मुंबईत नेला. कांदिवलीकर आज जो प्रवास रोज सकाळी उभ्याने करतो, तो त्याच्या टेकडीने शंभर वर्षांपूर्वीच केला, आणि तिला चर्चगेटच्या बाजूला कायमची बसायला जागाही मिळाली. योजना मात्र फसली. समुद्रतळाचा गाळ उपसून समुद्रात बांधलेल्या भिंतीच्या आत टाकायचा आणि तो भिंतीतून पुन्हा समुद्रात जायचा. खर्च फुगला, भराव फुगेना. के. एफ. नरिमन यांनी या कारभारावर जाहीर हल्ला चढवला, त्यांच्यावर खटला झाला आणि त्यात ते निर्दोष सुटले. भरावाचा घोटाळा बाहेर काढणाऱ्या या माणसाचे नाव पुढे भरावाच्याच टोकाला दिले गेले. तेच नरिमन पॉइंट.

अलीकडचा नमुना नवी मुंबई विमानतळाचा. सुमारे १,१६० हेक्टरच्या या जागेत एकीकडे उलव्याची नव्वदएक मीटर उंच टेकडी होती आणि दुसरीकडे भरतीचे पाणी येणारी खाजणे. विमानाला यातले काहीच चालत नाही. त्यामुळे टेकडी सुरुंगांनी फोडून तिचा दगड सखल भागात गेला, उलवे नदीला नवी वाट काढून दिली गेली, आणि दहा गावांतल्या लोकांना दुसरीकडे जावे लागले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. टेकडी, खाजण आणि नदी अशा तिघांची एका पातळीवर सहमती घडवून आणणे राजकारणातही सोपे नसते.

लहान प्रमाणावर हेच काम प्रत्येक शहराच्या प्रत्येक गल्लीत चालू आहे. महापालिका जुना थर न खरवडता रस्त्यावर नवा थर घालते. असे पाच-सहा वेळा झाले की रस्ता सोसायटीच्या आवारापेक्षा वर येतो आणि पावसाचे पाणी आत वळते. मग सोसायटी ठराव करून आवारात फूटभर भराव घालते व वर पेव्हर ब्लॉक बसवते. आता पाणी शेजारच्या सोसायटीत जाते. ती दीड फूट भराव घालते. या शर्यतीत जी इमारत सर्वांत जुनी, तिच्या तळमजल्यावर जायला आधी तीन पायऱ्या चढाव्या लागत, आता दोन उतराव्या लागतात. तळमजल्यावर राहणारे आजोबा जागचे हललेले नसतात, तरी दरवर्षी चार इंच खाली जातात. नळाचे मीटर, गटाराची झाकणे आणि तुळशीवृंदावन एकामागून एक भरावात गडप होतात. वार्षिक सभेत पुढचा विषय मग पाण्याच्या पंपाचा असतो.

कायद्याला हे सगळे दिसत नाही असे नाही. महाराष्ट्रात पाचास एक किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. त्यामुळे काही टेकड्यांचा उतार मोजणीच्या आदल्या महिन्यात सौम्य होतो. गोव्याच्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात तर १७-अ हे कलमच डोंगर कापणे आणि सखल जमीन भरणे यांवर आहे. लेखी परवानगीशिवाय दोन्ही गुन्हा. बिनपरवाना खोदाई सुट्टीच्या दिवशी आणि रात्री जास्त होते, कारण पोकलेनला दिवे असतात आणि तपासणी अधिकाऱ्याला सुट्टी. इथे हसू मात्र थांबते. २०१३ च्या जूनमध्ये पुण्याजवळ कात्रज घाटाखाली शिंदेवाडीत टेकडी फोडून ओढ्याची वाट बुजवली होती. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी रस्त्यावर आले आणि गाडीतून जाणाऱ्या मायलेकी त्यात वाहून गेल्या.

पाण्याला भरावाचा नकाशा कळत नाही. ते जुन्याच वाटेने येते. म्हणून मातीकामात खोदाई-भराईइतकेच महत्त्व चर, मोऱ्या आणि उताराच्या कडेच्या गटारांना असते, आणि अंदाजपत्रक कमी करायचे ठरले की सर्वांत आधी तीच कापली जातात. भरावाची कड दीड किंवा दोनास एक अशा उताराने सोडायची, तिच्यावर गवत लावायचे, पायथ्याशी पाणी साचू द्यायचे नाही आणि शक्य असेल तर वर बांधण्याआधी किमान एक पावसाळा जाऊ द्यायचा, एवढे जुन्या गवंड्यांनाही ठाऊक होते. जोत्यात मुरूम भरून, पाणी सोडून, वर्षभर थांबून मग घर उभारायची रीत कोकणात आणि देशावर दोन्हीकडे होती. आता बुकिंग आधी होते आणि मुरूम नंतर येतो.

प्लॉट विकणारे जाहिरात गुढीपाडवा ते अक्षय्यतृतीयेच्या सुमारास देतात. जमीन तेव्हा कोरडी, कडक आणि चुन्याच्या रेघांनी आखलेली असते. घेणाऱ्याने गाव नकाशावर ओढा कुठे होता ते आधी पाहावे, शेजारच्या जुन्या शेतकऱ्याला एक चहा पाजून विचारावे, आणि जागा पाहायला जुलैत जावे. भर पावसात विक्रेता ‘आता कशाला, दिवाळीनंतर या’ म्हणाला, तर तो प्लॉट घेऊ नये.